एलएलबीनंतर दहा वर्षांनी कोण कुठे असतं? वकिलांच्या करिअरचा जिल्हा पातळीवरचा अभ्यास कसा रचावा

वारणाकाठ (धागाकर्ता)

विधी महाविद्यालयं प्लेसमेंटचे आकडे छापतात, बार कौन्सिलकडे सनदांची (वकिलीच्या परवान्यांची) नोंद असते, कोर्टाकडे खटल्यांची. पण एका वर्षी सनद घेतलेल्या शंभर जणांपैकी दहा वर्षांनी किती जण स्वतःच्या नावाने वकीलपत्र (पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद) दाखल करतात, किती बँकेच्या किंवा कंपनीच्या विधी विभागात गेले, किती न्यायाधीश झाले आणि किती जणांनी हे क्षेत्रच सोडलं, हे एका जागी कुठेच मिळत नाही. अभ्यासक्रम काय असावा, ज्युनिअरला विद्यावेतन किती मिळावं, परीक्षा हवी की नको, या सगळ्या चर्चा त्यामुळे ऐकीव माहितीवर चालतात.

बाहेर हे काम झालेलं आहे. शिकागोत हाइन्झ आणि लॉमन या अभ्यासकांनी १९७५ साली ७७७ वकिलांच्या समोरासमोर मुलाखती घेतल्या. वीसेक वर्षांनी त्याच शहरात नवा नमुना काढून ७८७ जणांच्या झाल्या. एकाच शहरात दोन वेगळ्या वकिल्या चालतात, एक कंपन्यांची आणि एक सामान्य माणसांची, आणि कोण कुठल्या बाजूला जाणार यात कॉलेज आणि घरची पार्श्वभूमी यांचा मोठा हात असतो, हे त्यातून पुढे आलं. अमेरिकन बार फाउंडेशनने तर २००० साली वकिलीत आलेल्या तुकडीचा २००२-०३, २००७-०८ आणि २०१२ असा तीनदा माग काढला.

आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आणि मोठ्या लॉ फर्म यांवर बऱ्यापैकी लिहिलं गेलं आहे. तालुका आणि जिल्हा कोर्टावर फार कमी. म्हणून कोल्हापूर आणि सातारा हे जिल्हे घेऊन २०१३, २०१६ आणि २०१९ या तीन सनद-वर्षांच्या तुकड्यांचा अभ्यास करायचा आहे. नमुना कुठून घ्यावा, प्रॅक्टिस कशी मोजावी, उत्पन्न कसं विचारावं आणि कॉलेजचा परिणाम वेगळा काढता येईल का, यावर जाणकारांनी लिहावं.

---

रोजनामा

सगळ्यात आधी, नमुना बार रूममधून घेऊ नका. तिथे भेटतात ते टिकलेले वकील. त्यांना विचारून 'जम बसायला किती वर्षं लागतात' हे काढलं, तर ज्यांचा जम बसलाच नाही ते हिशेबातच येत नाहीत आणि चित्र नेहमी बरं दिसतं.

कॉलेजच्या आकड्यांतही हाच दोष आहे. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत) २०१८ पासून विधी हा स्वतंत्र गट आहे. त्या तक्त्यात ठराविक मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी मिळालेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि नोकरी मिळालेल्यांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) पगार एवढे रकाने असतात. समजा ७० जण पास झाले, २० जणांना नोकरी लागली, १० जण एलएलएमला गेले. उरलेले ४० जण कराडला, गडहिंग्लजला कुणा सिनियरकडे बसत असतील तर ते कुठल्याच रकान्यात नाहीत. मध्यक पगार त्या २० जणांचाच, आणि जाहिरातीत मात्र तो अख्ख्या कॉलेजचा म्हणून मिरवतो.

भाजक एकच धरा: अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम १७ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल ठेवते ती सनदधारकांची यादी. सनद क्रमांकातच वर्ष असतं, 'एमएएच', मग अनुक्रमांक, मग वर्ष, त्यामुळे तुकडी पाडणं सोपं आहे. अडचणी पुढे येतात.

यादीतला पत्ता सनद घेतानाचा असतो, प्रॅक्टिसच्या जागेचा नव्हे. कोल्हापूरचा पत्ता देऊन सनद घेतलेला मुलगा ठाण्यात असू शकतो आणि कोल्हापुरात प्रॅक्टिस करणारा मूळ बेळगावकडचा असू शकतो. म्हणून 'कोल्हापूरच्या पत्त्यावर सनद घेतलेले' आणि 'कोल्हापुरात प्रॅक्टिस करणारे' हे दोन वेगळे संच समजा. पहिला संच बार कौन्सिलच्या यादीतून, दुसरा जिल्हा आणि तालुका बार असोसिएशनच्या मतदारयाद्यांतून. जे फक्त पहिल्यात आहेत ते शोधायचे, तुमच्या अभ्यासाचा जीव त्यांच्यात आहे.

शिवाय २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) लागू आहे आणि सनद मिळाल्यावर दोन वर्षांत ती पास व्हावी लागते. तिन्ही तुकड्यांत असे काही निघतील की ज्यांनी सनद घेतली पण एआयबीई कधी दिलीच नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस थांबवून सनद स्थगित ठेवावी लागते. सगळेच तसं कळवतात असं धरू नका. दुसऱ्या राज्यात गेलेला कलम १८ खाली नाव बदली करून घेतो, मग आपल्या यादीतून तो गळतो. मयतांची नावं बरीच वर्षं तशीच राहतात. 'सक्रिय' असा शिक्का यादीवरून मारू नका.

---

आकडेमोड

रोजनामांशी पूर्ण सहमत. आता संख्येचं.

समजा तिन्ही वर्षं मिळून दोन जिल्ह्यांच्या पत्त्यावर १२०० सनदा निघाल्या. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूकमर्यादा आणि प्रमाण निम्मं धरलं तर मर्यादित समष्टीची दुरुस्ती (एकूण माणसं मोजकी असली की नमुना थोडा कमी करणारी) लावून २९२ जणांची उत्तरं लागतात. प्रतिसाद ६० टक्के मिळेल असं धरलं तर ४८७ नावं काढावी लागतील. पण ही संख्या अख्ख्या नमुन्यासाठी एक टक्केवारी सांगायला पुरते. '२०१६ च्या तुकडीतल्या सातारच्या महिला' असा कप्पा पाडलात तर हातात पंधरा-वीस जणी राहतील. ज्या दोन-तीन तुलना खरोखर करायच्या आहेत त्या आधी लिहून काढा आणि त्या कप्प्यांतून मुद्दाम जास्त नावं उचला. शेवटी प्रत्येक कप्प्याच्या उत्तरांना त्याच्या खऱ्या वाट्याइतका भार देऊन दुरुस्त करता येतं.

खरा प्रश्न न सापडणाऱ्यांचा. क्षेत्र सोडलेला माणूस 'वकिलांचा अभ्यास' म्हटल्यावर फोनच ठेवतो. त्यासाठी दोन पातळ्यांचं पत्रक करा. पूर्ण प्रश्नावली ४० मिनिटांची, आणि एक स्थिती-पत्रक फक्त एका प्रश्नाचं: सध्या काय करता? पर्याय सहा ठेवा: कोर्टात प्रॅक्टिस, कोर्टाबाहेरची वकिली, पगारी विधी नोकरी, न्यायिक किंवा सरकारी सेवा, कायद्याशी संबंध नसलेलं काम, सध्या काही नाही. स्थिती-पत्रक फोनवर दोन मिनिटांत भरून होतं आणि अगदी नाहीच सापडलं तर वर्गबंधूकडून विचारून भरता येतं, मात्र 'दुसऱ्याकडून मिळालेली माहिती' अशी खूण करून.

एवढं करूनही जे उरतील त्यांतल्या दर तिघांत एकाला चिठ्ठी टाकून निवडा आणि त्याच्यामागे सगळी ताकद लावा: घरी जा, गावात विचारा. त्या उत्तरांना तिप्पट भार द्या. सगळ्यांच्या मागे अर्धवट धावण्यापेक्षा हे जास्त खरं उत्तर देतं.

तुकड्या तीन वर्षांच्या अंतराने घेतल्यात हे चांगलं केलंत. फक्त २०१९ च्या तुकडीचं पहिलं-दुसरं वर्ष टाळेबंदीत गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला होता, म्हणजे दावे दाखल करायची घाईही नव्हती. या तुकडीचा 'पहिल्या वकीलपत्रापर्यंतचा काळ' लांबलेला दिसला तर त्याचा दोष कॉलेजवर टाकू नका.

---

निशाणी_क

ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या ऑनलाइन पोर्टलच्या) नोंदी वापरायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने आणि बार नोंदणी क्रमांकाने असा दोन्ही प्रकारे शोध घेता येतो. नोंदणी क्रमांकाचा शोध वापरा. नावाच्या शोधात एकच माणूस 'देशमुख एस. आर.', 'एस. आर. देशमुख', 'अ‍ॅड. देशमुख' आणि पूर्ण नाव अशा चार रूपांत सापडतो आणि उलट एका रूपाखाली तिघे देशमुख. नोंदणी क्रमांकाची अडचण एवढीच की जुन्या खटल्यांत तो भरलेलाच नसतो. आधी पन्नास माहितीतले वकील घ्या, त्यांच्या ऑफिसच्या डायरीतले खटले आणि पोर्टलवर दिसणारे खटले ताडून पाहा, आणि किती टक्के निसटतात ते प्रत्येक कोर्टासाठी वेगळं काढा. हे प्रमाण तालुक्यागणिक बदलतं.

आता एक वकीलपत्र हातात घेऊन बघा. वर पक्षकाराचं नाव, खाली 'यांस वकील नेमले आहे' म्हणून सिनियरचं नाव, त्याखाली ऑफिसमधल्या दोन-तीन ज्युनिअरची नावं, सनद क्रमांकाचे रबरी शिक्के, सह्या, कोर्ट फी आणि अ‍ॅडव्होकेट वेल्फेअर फंडाचं तिकीट. कागदावर चार वकील आहेत. नोंदीत मुख्य वकिलाचा एक रकाना आणि इतरांसाठी जादा रकाने. जादा रकाने भरले जातीलच असं नाही. म्हणजे पाच वर्षं रोज कोर्टात उभा राहणारा ज्युनिअर पोर्टलवर शून्य खटल्यांचा वकील दिसू शकतो. हे लक्षात न घेता 'पहिल्या पाच वर्षांत इतके टक्के वकिलांकडे एकही खटला नसतो' असा निष्कर्ष काढला तर तो सपशेल चुकेल.

वकील बदलला, म्हणजे ना-हरकत घेऊन दुसऱ्याचं वकीलपत्र आलं, की आधीचं नाव बहुतेक वेळा पुसलं जातं. सरकार पक्षाच्या रकान्यात नुसतं 'सरकारी वकील' असतं, त्यामुळे सहायक सरकारी अभियोक्ते वैयक्तिक म्हणून सापडत नाहीत.

खटल्यांची संख्याही जपून वापरा. धनादेश न वटल्याच्या कलम १३८ च्या फिर्यादी एखाद्या पतसंस्थेसाठी एकाच आठवड्यात दोनशे दाखल होतात. त्या वकिलाची संख्या फुगते आणि सरासरीही. म्हणून खटले मोजण्याऐवजी वेगवेगळे पक्षकार मोजा, आणि सरासरीऐवजी मध्यक सांगा. शिवाय प्रकार वेगळे ठेवा: नियमित दिवाणी दावा, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), विवाह अर्ज, मोटार अपघात, फौजदारी, १३८. जामीन अर्ज आणि किरकोळ अर्ज मूळ खटल्यात मिसळू नका.

आणि शेवटी सगळ्यात मोठं भोक: तहसीलदार आणि प्रांतांपुढची महसुली प्रकरणं, सहकार खात्याकडचे कलम १०१ चे वसुली दाखले, धर्मादाय आयुक्त, दुय्यम निबंधकाकडचे दस्त. तालुक्यातल्या कित्येक ऑफिसांचा चरितार्थ यावर चालतो आणि यातलं काहीच जिल्हा न्यायालयांच्या पोर्टलवर दिसत नाही.

तयार डेटा हवा असेल तर डेव्हलपमेंट डेटा लॅब या संशोधन गटाने २०१० ते २०१८ मधल्या ८ कोटींहून जास्त खटल्यांच्या नोंदी खुल्या केल्या आहेत. त्यात वकिलांची नावं नाहीत, नावावरून अनुमानाने काढलेलं लिंग आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतला महिला वकिलांचा वाटा पाहायला उपयोगी, एकेका वकिलाचा माग काढायला निरुपयोगी.

---

वारणाकाठ

निशाणी_क, वकीलपत्राचा मुद्दा फार मोलाचा आहे. मग ज्युनिअरचं काम मोजायचं तरी कशाने? 'काम शिकायला मिळतं का' असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतात.

---

सरतपास

मत विचारू नका, घटना विचारा. 'गेल्या चार आठवड्यांत तुम्ही स्वतः किती साक्षीदारांचा उलटतपास घेतला?' या प्रश्नाला आकडाच द्यावा लागतो. तसेच पुढचे: स्वतः लिहिलेले दावे किंवा कैफियती (दाव्याला प्रतिवादीची लेखी उत्तरं) किती, तात्पुरत्या मनाई अर्जावर युक्तिवाद किती, नुसती मुदत मागितली अशा तारखा किती, नकलेच्या अर्जामागे किती चकरा झाल्या, पक्षकाराशी सिनियर हजर नसताना किती वेळा बोललात.

याच्या जोडीला पाच कोर्ट-दिवसांची डायरी भरून घ्या. एका पानावर एक दिवस. आडव्या ओळी: हजेरी आणि मुदत, नकला आणि ऑफिसची कामं, मसुदा, वाचन, पक्षकार, साक्षीपुरावा, युक्तिवाद, कोर्टाबाहेरची कामं. उभे रकाने दोनच, ऑफिसचं आणि स्वतःचं, आणि त्यात अर्ध्या तासाच्या खुणा. संध्याकाळी भरायला पाच मिनिटं लागतात. यापेक्षा मोठा तक्ता कुणी भरत नाही. पाच दिवस सलग घेऊ नका, महिन्यात विखुरलेले घ्या. लोकअदालतीचा आठवडा आणि उन्हाळी सुट्टीच्या आधीचा आठवडा टाळा, त्या दिवसांत कामाचा घाट वेगळा असतो.

टप्प्यांच्या तारखा हा तिसरा भाग: सनद, पहिलं स्वतःच्या नावाचं वकीलपत्र, पहिला उलटतपास, पहिला अंतिम युक्तिवाद, स्वतःचं ऑफिस. महिना नाही आठवला तरी वर्ष आठवतं. यावरून 'तिसऱ्या वर्षाअखेर निम्म्यांनी पहिला उलटतपास घेतलेला असतो' असं काही सांगता येईल, आणि ज्यांना तो टप्पा अजून आलेला नाही तेही हिशेबात राहतात. सोडून गेलेल्यांनाही याच तारखा विचारा. कुठल्या टप्प्याआधी माणसं जास्त गळतात हे समजलं, तर कॉलेजने काय शिकवावं आणि सिनियरने काय द्यावं याचं उत्तर आपोआप सापडेल असं माझं मत आहे.

---

हिशेबवही

उत्पन्नाबद्दल.

'मासिक उत्पन्न किती' हा प्रश्न काढून टाका. वकिलाला महिना नसतो. फी टप्प्याटप्प्याने येते: काही वकीलपत्रावर सही होताना, काही पुराव्याच्या वेळी, काही निकालानंतर, आणि शेवटचा टप्पा बुडायची शक्यता सगळ्यात जास्त. 'गेल्या १२ महिन्यांत खर्च वजा न करता एकूण किती जमा झाले' असं विचारा आणि पट्टे द्या: १ लाखाखाली, १ ते ३, ३ ते ६, ६ ते १२, १२ लाखांच्या वर. मग खर्च वेगळा: ऑफिस भाडं, टायपिंग आणि झेरॉक्स, ई-फायलिंगचं स्कॅनिंग, पेट्रोल, पुस्तकं आणि निवाड्यांची ऑनलाइन वर्गणी, ज्युनिअरला दिलेले पैसे.

आयकर विवरणपत्रावरचा आकडा घेऊ नका. कलम ४४एडीए खाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवण्याची सोय होती आणि अनेक वकील तीच वापरत आले. तिथे दिसणारा ५० टक्के नफा ही कायद्याने दिलेली सवलत आहे, प्रत्यक्ष खर्चाचं मोजमाप नाही.

ज्युनिअरला सिनियरकडून मिळणाऱ्या रकमेत दर महिन्याची ठराविक रक्कम, तारखेमागे मिळणारे पैसे, फक्त पेट्रोल किंवा प्रवासखर्च आणि काहीच नाही, हे चार पर्याय वेगळे ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक विद्यावेतनाची शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही. प्रश्नावलीत हा आकडा आधी छापू नका; तो वाचला की सिनियर वरच्या बाजूला गोल करतात आणि ज्युनिअर खालच्या.

मोटार अपघाताच्या दाव्यांत 'टक्केवारी घेता का' असं विचारून उपयोग नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, तेव्हा खरं उत्तर मिळणार नाही आणि पुढच्या सगळ्या उत्तरांवरचा विश्वास मात्र जाईल.

कोर्टाबाहेरच्या कमाईचे स्रोत एकेक करून नावानिशी वाचून दाखवा, नाहीतर लोक विसरतात: बँकेच्या पॅनेलवरचे सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीची तपासणी), भाडेकरार आणि इतर दस्त, नोटरी (सर्वसाधारण वकिलाला १० वर्षं प्रॅक्टिस लागते, महिला, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांना ७), विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल, कॉलेजातली तासिका. विधी साहाय्याच्या फीबद्दल मंजूर किती आणि खात्यात जमा किती, असे दोन आकडे घ्या.

---

मृण्मयी_सां

महिला वकिलांबाबत तुमच्या आराखड्यात दुरुस्ती लागेल.

लग्नानंतर नाव बदललं की सनदेवर एक नाव, वकीलपत्रावर दुसरं आणि बारच्या मतदारयादीत तिसरं. सनदेवरचं नाव बदलायला वेगळा अर्ज आणि राजपत्र लागतं, अनेक जणी ते करत नाहीत. नावाने जुळणी केलीत तर प्रॅक्टिस करणारी बाई तुमच्याकडे 'सोडून गेलेली' म्हणून नोंदली जाईल. जुळणी फक्त सनद क्रमांकाने करा. राज्य तेच असेल तोवर तो बदलत नाही.

दुसरं, जिल्हा. साताऱ्याच्या पत्त्यावर सनद, लग्न होऊन सोलापूर. ती सोलापुरात पुन्हा ज्युनिअर म्हणून सुरुवात करते, कारण पक्षकार आणि ओळखी साताऱ्यात राहिल्या. हा खंड 'काम बंद' नव्हे, 'जागा बदल' आहे. दोन्हींसाठी वेगळे रकाने हवेत आणि प्रत्येक खंडाचं कारण, कालावधी आणि परत आल्यावर कुठल्या पायरीवर काम सुरू झालं हे विचारायला हवं.

'घरात वकील आहे का' हा प्रश्न वडिलांवर थांबवू नका. आई, काका, मामा, भाऊ, नवरा, सासरे, सगळे विचारा, आणि तो वकील त्याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो का हेही. सासऱ्यांचं चालू ऑफिस मिळालेली आणि पहिल्या पिढीची वकील यांना एका रकान्यात घातलं तर दोघींबद्दलही काही कळणार नाही.

कोर्टात महिलांसाठी स्वच्छतागृह आणि बसायला जागा आहे का, हे उत्तरदात्यांना न विचारता प्रत्येक तालुका कोर्टात स्वतः जाऊन नोंदवा. ती पाहून नोंदवायची गोष्ट आहे.

---

दरखास्त

जातीचा प्रवर्ग कसा घेणार? काही अभ्यासांत आडनावावरून अंदाज लावतात, त्याने वेळ वाचतो.

---

मृण्मयी_सां

अजिबात नको. पाटील, जाधव, शिंदे, पवार, कांबळे ही आडनावं एकाहून जास्त समाजांत आहेत. आपल्या भागात तर चूक मोठी होईल. प्रवर्ग थेट विचारा, 'सांगायचं नाही' हा पर्याय द्या आणि प्रश्न शेवटच्या पानावर ठेवा.

गोपनीयतेचंही इथेच सांगते. ज्या तालुका बारमध्ये ४० वकील आहेत तिथे 'महिला, २०१३ ची सनद, नोटरी' एवढं छापलं की नाव छापल्यासारखंच झालं. पाचपेक्षा कमी माणसांचा कप्पा अहवालात देऊ नका, शेजारच्या तालुक्यात मिसळा. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत, मध्ये सांकेतिक क्रमांक. लेखी संमतीपत्र मराठीत, एका पानाचं.

---

चौकट

कॉलेजच्या परिणामाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

दोन कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांचं उत्पन्न शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. चांगल्या कॉलेजात आधीच चांगल्या परिस्थितीतली मुलं जातात. किमान बारावीचे गुण, प्रवेश परीक्षा दिली असल्यास तिचा क्रमांक, शाळेचं माध्यम, आईवडिलांचा व्यवसाय आणि घरातला वकील एवढं तरी हाताशी असायला हवं. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांची सरळ तुलनाही टाळा. तीन वर्षांवाल्यांत नोकरी करून शिकलेले, वयाने मोठे बरेच असतात. वयाऐवजी सनदेपासूनची वर्षं धरा आणि आधीची नोकरी वेगळी नोंदवा.

कॉलेजात नेमकं काय झालं ते विचारा. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट (सरावाचा नकली खटला). इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २०. प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं, त्यामुळे 'इंटर्नशिप केली का' हा प्रश्न निरर्थक आहे. 'सनद घेण्यापूर्वी एखाद्या खऱ्या खटल्यातला दावा किंवा कैफियत पूर्ण लिहिली होती का', 'एखाद्या खटल्याचा साक्षीपुरावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकला होता का', 'मसुद्याची वही स्वतः लिहिली की आधीच्या वर्गाची उतरवली', असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून घ्या.

नियम बदलले ती वर्षं मात्र फार उपयोगी आहेत, कारण बदल विद्यार्थ्याने निवडलेला नसतो. सनदेआधी एक वर्ष प्रशिक्षण सक्तीचं करणारे १९९५ चे नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये रद्द केले. कनिष्ठ न्यायाधीश पदासाठीची तीन वर्षं प्रॅक्टिसची अट २००२ साली गेली आणि २० मे २०२५ च्या निकालाने परत आली. आता मोजणी तात्पुरत्या सनदेपासून होते आणि अनुभवाचा दाखला लागतो. ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणलं. त्याआधी अनेक राज्यांत ते काही हजारांत जात होतं. पदवीचा निकाल आणि सनद यांतलं अंतर त्या तारखेआधी आणि नंतर किती, हे तपासायला फक्त दोन तारखा लागतात. गरिबीमुळे सनद लांबते का, या प्रश्नाला याहून स्वच्छ कसोटी सापडणार नाही.

सावधगिरी एवढीच की २०२५ नंतर वकीलपत्रांवर ज्युनिअरची नावं वाढलेली दिसली तर ती प्रॅक्टिस वाढल्याची खूण आहे की अनुभवाच्या दाखल्याची तयारी, हे नोंदीवरून कळणार नाही. सरतपास यांनी सांगितलेली डायरी तिथे कामाला येईल.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. प्रायोगिक फेरी एखाद्या तालुक्यात घ्यायची म्हणतो. आणि कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यावर दोन्ही जिल्ह्यांतलं चित्र बदलतंय, ते कसं धरायचं?

---

आकडेमोड

प्रायोगिक फेरी ३० जणांची, दोन तालुक्यांत, आणि त्यात किमान ८ जण क्षेत्र सोडलेले हवेत. ज्या प्रश्नाला पाचापेक्षा जास्त जण 'म्हणजे काय?' विचारतील तो बदला. वेळ घड्याळ लावून मोजा. ४० मिनिटांच्या वर गेला तर मत विचारणारे प्रश्न आधी काढा, तारखा आणि आकडे ठेवा. मुलाखत कोर्टाच्या आवारात घेऊ नका. सिनियर चार हातांवर बसलेला असताना विद्यावेतनाबद्दल कोण खरं बोलेल? आठवड्याअखेरीस, घरी किंवा फोनवर.

---

रोजनामा

सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत. तुमचे दोन्ही जिल्हे आत आहेत, म्हणजे तुलनेला काहीच उरत नाही. तिसरा जिल्हा असा घ्या ज्याची प्रकरणं अजून मुंबईलाच जातात, नाशिक चालेल. अहिल्यानगर नको, तो औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. पुणे आकाराने फार मोठं आहे, तालुका वकिलीशी त्याची तुलना होणार नाही.

औरंगाबादचं कामही १९८१ साली असंच, राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली सुरू झालं आणि १९८४ साली तिथे कायम खंडपीठ झालं. त्या वेळी तिथल्या जिल्हा वकिलांचं काय झालं, कोण उच्च न्यायालयात गेलं, कोण जिल्ह्यातच राहिलं, हे तेव्हा मोजून ठेवायला हवं होतं. कोल्हापुरात ती संधी आत्ता आहे, आणि ती थोडा वेळच राहील.

प्रश्नावलीत चार जादा प्रश्न घाला: ऑगस्ट २०२५ पूर्वीच्या वर्षात तुमच्या किती प्रकरणांचं अपील किंवा रिट मुंबईच्या वकिलाकडे पाठवलं, त्यानंतरच्या वर्षात किती पाठवलं आणि किती स्वतः चालवलं, ऑफिसची जागा बदलली का, तुमच्याकडचा ज्युनिअर बेंचकडे गेला का. बेंचचा रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पहिल्या दिवसापासूनचा उतरवून ठेवा. त्यातली वकिलांची नावं सनद क्रमांकाशी जुळवली की स्थानिक किती आणि मुंबईहून येणारे किती हे महिन्यागणिक दिसेल. आणि सहाही जिल्ह्यांच्या बार असोसिएशनकडून ऑगस्ट २०२५ च्या आधीची मतदारयादी लगेच मागून घ्या. नवी यादी छापली की जुनी जपून ठेवायची पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे.